मेडिक्लेम घेताय? आधी ठरवा, आजारपणात गाडी कुठल्या घाटाने जाणार

मेडिक्लेम कुठला घेऊ असं विचारायला लोक येतात तेव्हा हातात एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पीडीएफ असतं आणि त्यातला एकच आकडा डोक्यात बसलेला असतो, दहा लाख. माझं कणकवलीत झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. मी एजंट नाही, मला यात कमिशन नाही, पण क्लेमच्या फायली झेरॉक्सला येतात, त्यामुळे कुणाचे पैसे आले, कुणाचे अडकले आणि कशावरून अडकले हे सगळं नजरेखालून जातं. दहा लाखाच्या आकड्यावरून कुणाचा क्लेम अडकलेला मी बघितला नाही, अडकतो तो पान नंबर सात-आठवरच्या बारीक अक्षरावरून.

म्हणून माझा पहिला प्रश्न उलटा असतो. उद्या घरात कुणाला ॲटॅक आला, नाहीतर ऑपरेशन सांगितलं, तर तुम्ही जाणार कुठे? आपल्याकडे याचं उत्तर घरागणिक वेगळं. कणकवली-वैभववाडीवाले फोंडा नाहीतर करूळ घाट चढून कोल्हापूर गाठतात, रत्नागिरीवाले आंबा घाटाने कोल्हापूरच, सावंतवाडी-दोडामार्गवाल्यांना गोवा जवळ, चिपळूण-खेडवाल्यांना डेरवण, आणि ज्यांचा मुलगा मुंबईला आहे ते रात्रीची गाडी पकडून मुंबई. काही जण म्हणतात आम्ही इथेच करू, पडव्याला किंवा ओरोसला. सगळी उत्तरं बरोबरच, फक्त पॉलिसी त्या उत्तराला धरून घ्यायची. जाहिरातीत "देशभरात हजारो हॉस्पिटल" लिहिलेलं असतं, त्यातली तुमच्या वाटेवर किती आहेत ते बघा. कंपनीच्या वेबसाईटवर पिनकोड टाकला की नेटवर्क हॉस्पिटलची, म्हणजे जिथे बिल कंपनी परस्पर भरते (यालाच कॅशलेस म्हणतात) अशांची यादी येते. स्वतःच्या गावाचा पिनकोड टाकून बघा आणि मग कोल्हापूरचा, पणजीचा, दादरचा टाकून बघा. गावाच्या पिनकोडला बऱ्याचदा शून्य येतं, त्याने घाबरायचं नाही, पण जिथे तुम्ही खरोखर जाणार तिथे चार-पाच तरी बरी नावं दिसली पाहिजेत. आणि यादीवर सगळा भरवसा नको, त्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला फोन करून विचारा की या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का. हॉस्पिटल आणि कंपनीचं मधेच बिनसतं आणि कॅशलेस बंद होतं, हे वेबसाईटला उशिरा कळतं.

नेटवर्कमध्ये नसलेल्या ठिकाणीही कॅशलेस मिळू शकतं, जानेवारी २०२४ पासून "कॅशलेस एव्हरीव्हेअर" म्हणून प्रकार सुरू झालाय. ठरवून ॲडमिट व्हायचं असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवायचं, अचानक झालं तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांत. पण हॉस्पिटल तयार पाहिजे आणि कंपनीच्या नियमात बसलं पाहिजे, त्यामुळे याच्या जोरावर पॉलिसी घेऊ नका, मिळालं तर नशीब.

आता तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलांबद्दल एक गोष्ट, ही आपल्याकडे फार कामाची. पॉलिसीत "हॉस्पिटल" कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली असते. एक तर ते कायद्याने हॉस्पिटल म्हणून रजिस्टर पाहिजे, नाहीतर दहा लाखाच्या खाली वस्ती असलेल्या गावात किमान १० बेड, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, रोजचं रेकॉर्ड असं सगळं पाहिजे. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे वरच्या मजल्यावर चार खाटा टाकलेल्या असतात, सलाईन लावतात, माणूस बरा होऊन घरी जातो, बिल होतं पंधरा हजार आणि मग क्लेमला कंपनी रजिस्ट्रेशन नंबर मागते. बिलावर तो नंबर छापलेला आहे का, एवढं ॲडमिट करतानाच बघून घ्या, नंतर डॉक्टरांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

सरकारी कार्ड आधी काढा, मग पॉलिसीचं बोला

लोकांना हे सांगितलं की पटत नाही, फुकटचं म्हणजे खोटं असं वाटतं. पण महात्मा फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही, आणि आयुष्मान भारतबरोबर जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार बसतात. वय ७० किंवा त्याच्या वर असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्याला आधारकार्ड पुरतं, त्यातही ५ लाख. हे ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी सुरू झालं. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर हे वाचून झाल्यावर नाही, आजच काढून टाका.

याची मर्यादा पण समजून घ्या. योजना फक्त तिच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये चालते आणि तिच्या यादीतल्या आजारांना, ऑपरेशनांनाच चालते. बायपास, स्टेंट, डायलिसिस, कॅन्सर असली मोठी कामं यात येतात, पण साधा ताप येऊन तीन दिवस खाजगीत ॲडमिट झालात तर नाही. हॉस्पिटलमध्ये गेलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल शोधा, केस पेपर काढायच्या आधी, कारण एकदा तुम्ही रोखीने पैसे भरून उपचार सुरू केले की ते योजनेत वळवायला नाकी नऊ येतात. १५५३८८ हा टोल फ्री नंबर, तिथे जिल्ह्यातली हॉस्पिटलं विचारता येतात.

आणि सापाचं. फुरसं किंवा घोणस चावली तर कुठली पॉलिसी, कुठलं कॅशलेस हे डोक्यात आणूच नका, १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा धरा आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कागद मागाहून बघता येतात.

तर मग खाजगी मेडिक्लेम कशाला? त्याचं कारण म्हणजे निवड. कुठला डॉक्टर, कुठलं हॉस्पिटल, कुठली रूम हे तुम्हाला ठरवायचं असेल आणि यादीबाहेरचा आजार निघाला तर जमीन विकायला लागू नये असं वाटत असेल तर मेडिक्लेम लागतो. ज्यांना वर्षाचा हप्ता खरोखरच झेपत नाही त्यांनी सरकारी कार्डं नीट काढून ठेवावी आणि बँकेत वर्षाला २० रुपयाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू ठेवावा, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, १८ ते ७० वयापर्यंत. माडावर चढणारे, आंबा काढणारे यांच्या घरात तर हे असलंच पाहिजे. कर्ज काढून मेडिक्लेमचा हप्ता भरा असं मी कुणाला सांगणार नाही.

पत्ता गावचा आणि उपचार मुंबईत

हे चाकरमान्यांनी नीट वाचा. बऱ्याच कंपन्या देशाचे झोन पाडतात. मुंबई-दिल्लीसारखी शहरं महाग झोनमध्ये, आपला भाग स्वस्त झोनमध्ये. आईबाबांची पॉलिसी गावच्या पत्त्यावर काढली की हप्ता कमी लागतो, बरं वाटतं, पण मग बाबांना बायपाससाठी मुंबईला आणलं की काही पॉलिसींमध्ये बिलाचा ठरावीक हिस्सा, दहा टक्के, वीस टक्के, तुम्हाला भरायला लागतो कारण तुम्ही स्वस्त झोनमधून महाग झोनमध्ये आलात. सहा लाखाच्या बिलावर वीस टक्के म्हणजे एक लाख वीस हजार, इतकी वर्षं वाचवलेला हप्ता एका फटक्यात गेला. म्हणून मी म्हणतो आधी वाट ठरवा. मुंबईलाच आणणार हे नक्की असेल तर झोनची अट नसलेली पॉलिसी घ्या किंवा पहिल्यापासून मुंबईच्या झोनचा हप्ता भरा. कोल्हापूरलाच जाणार असाल तर त्या शहराचा झोन कुठला ते विचारा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आणि खोटा पत्ता द्यायच्या भानगडीत पडू नका, रेशनकार्ड, आधार, हॉस्पिटलचा पेपर असं सगळं क्लेमच्या वेळी शेजारी शेजारी ठेवून बघतात.

ॲम्ब्युलन्सचं पण इथेच सांगून टाकतो. काही पॉलिसीत ॲम्ब्युलन्सला एका ॲडमिशनमागे २००० रुपयांची मर्यादा असते. मुंबईत अंधेरीहून पार्ल्याला जायला ते पुरेल. घाट चढून, ऑक्सिजन लावून, बरोबर डॉक्टर घेऊन कोल्हापूरला जायचं तर वरचे सगळे तुमचे. त्याच्यावरून पॉलिसी नाकारू नका, पण दोन सारख्या पॉलिसी समोर असतील तर हे बघायला हरकत नाही.

रूम रेंट, याला वेळ द्या

बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल पण हा शब्द शोधा. काही पॉलिसीत रूमच्या भाड्याला मर्यादा असते, समजा विम्याच्या रकमेच्या १ टक्का. ५ लाखाची पॉलिसी म्हणजे रोजचे ५००० रुपये. तुम्ही कोल्हापुरात ८००० ची रूम घेतलीत, मनात म्हणाल वरचे तीन हजार आपण भरू, पाच दिवसांचे पंधरा हजार, त्यात काय. तसं नसतं ते. तुमचा हक्क ५००० चा आणि घेतली ८००० ची, म्हणजे आठातले पाच हिस्से तुमच्या हक्काचे, आणि सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरच्या व्हिजिटा, नर्सिंग या सगळ्याला तेच प्रमाण लावतात. यांचं मिळून बिल १,६०,००० झालं असेल तर कंपनी देणार १ लाख. साठ हजार तिथे गेले, पंधरा हजार रूमचे, पंच्याहत्तर हजार खिशातून. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना हे प्रमाण लावता येत नाही, हा नियम आहे, तरी दणका मोठा बसतो. हे सगळं एका रूमच्या निवडीवरून, आणि ती निवड करतो कोण, तर रात्री अकरा वाजता काउंटरला उभा असलेला घाबरलेला पुतण्या ज्याला पॉलिसी काय आहे तेच माहीत नसतं.

म्हणून "सिंगल प्रायव्हेट रूम" किंवा "रूम रेंटची मर्यादा नाही" असं लिहिलेली पॉलिसी घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी. मर्यादावाली आधीच घेतलेली असेल तर रोजचा आकडा कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

त्याच पानावर को-पे बघा. को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुमचा वाटा. वयस्कर माणसांच्या पॉलिसीत हा असतोच बहुतेक, पाच-दहा टक्के सहन करण्यासारखा आहे, तीस टक्के असेल तर मी दोनदा विचार करीन. मग सब-लिमिट, म्हणजे मोतीबिंदूला इतके, गुडघ्याला इतके असं. आरोग्य संजीवनी नावाची एक पॉलिसी आहे, २०२० पासून, ती सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींची मिळते. तिच्यात को-पे ५ टक्के, रूमला विम्याच्या रकमेच्या २ टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त ५०००, आणि मोतीबिंदूला एका डोळ्याला विम्याच्या रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यातलं जे कमी असेल ते. घ्या असं नाही म्हणत, पण दुसरी कुठलीही पॉलिसी समोर आली की हिच्याशी ताडून बघा. हिच्यापेक्षा वाईट अटी आणि वर हप्ता जास्त असेल तर एजंटला चहा पाजून वाटेला लावा.

ग्लोव्ह्ज, मास्क, सिरिंज असल्या वस्तूंना कन्झ्युमेबल म्हणतात, त्याचे पैसे साध्या पॉलिसीत कापतात, त्याचा रायडर, म्हणजे जास्त पैसे भरून जोडायचं कव्हर मिळतं, तो घेण्यासारखा आहे. ओपीडीचा रायडर, जिमची सूट, चालल्याबद्दल पॉईंट, हे सगळं मला तरी फापटपसारा वाटतो.

वेटिंग पिरियड आणि आपला पावसाळा

पॉलिसी घेतली त्या दिवसापासून सगळं चालू होत नाही. पहिले ३० दिवस फक्त अपघात. म्हणजे माडावरून पडला, बाईकवरून घसरला तर चालतं, ताप-आजार नाही. आता लावणीच्या चिखलात उभं राहून लेप्टोचा ताप येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि लोकांना मेडिक्लेमची आठवण होते ती वाडीत कुणाला तरी लेप्टो झाला की. तेव्हा घेतलेली पॉलिसी त्या महिन्यात उपयोगी पडत नाही.

दुसरं वेटिंग ठरावीक आजारांचं, साधारण २४ महिन्यांचं. हर्निया, मूळव्याध, मुतखडा, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, गर्भाशय काढणं, गुडघे बदलणं, असली नावं यात असतात. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला आणि मग पॉलिसी काढली तर काही उपयोग नाही. तिसरं, आधीपासून असलेला आजार, म्हणजे शुगर, बीपी, हार्ट, त्याला आता जास्तीत जास्त ३६ महिने, आधी ४८ होते, एप्रिल २०२४ पासून कमी झाले. जास्त पैसे भरून हे कमी करून देणाऱ्या पॉलिसी मिळतात, घरात शुगरवालं माणूस असेल तर त्या पैशाचं चीज होतं.

घ्यायची कधी? इथे कंपन्यांना आपलं कॅलेंडर कळत नाही. तुम्ही ज्या तारखेला घ्याल त्याच तारखेला दरवर्षी हप्ता येणार. ज्यांचं घर आंब्यावर चालतं त्यांच्या हातात पैसा येतो मे महिन्यात, त्यांनी मार्च एंडिंगला टॅक्सच्या घाईत पॉलिसी घेतली की दरवर्षी मार्चमध्ये तारांबळ, कारण तेव्हा पैसे फवारणीत आणि मजुरीत गेलेले असतात. त्यांनी मेच्या मध्यावर घ्यावी, म्हणजे लावणी येईपर्यंत ३० दिवसही होऊन जातात. मासेमारीवाल्यांची बोट १ जून ते ३१ जुलै बंद, त्यांनी जुलैमधली तारीख टाळावी. हप्ता चुकला तर वर्षाच्या पॉलिसीला ३० दिवस ग्रेस मिळतो आणि तेवढ्यात भरलं तर वेटिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, पण भरेपर्यंतच्या दिवसांत काही झालं तर कव्हर नसतं. ग्रेस पण चुकला की झालं, पुन्हा नव्याने.

"नाही"वर टिक मारू नका

फॉर्ममध्ये प्रश्न असतात, बीपी आहे का, शुगर आहे का, कधी ॲडमिट झाला होतात का, तंबाखू-दारू. एजंट म्हणतो लिहू नका, हप्ता वाढेल. आणि आपल्याकडचे काका तर विचारलं की छातीवर हात मारून सांगतात, "माका काय होतला? मी घोड्यासारखो आसंय." खिशात बीपीची गोळी असते.

क्लेमच्या वेळी कंपनी पहिली बघते ती डिस्चार्ज कार्डावरची हिस्टरी. एक कार्ड माझ्या काचेवर आलं होतं, वरच्या बाजूला एवढंच लिहिलं होतं, "के/सी/ओ एचटीएन" आणि पुढे "टेन इयर्स". म्हणजे पेशंटला दहा वर्षांपासून बीपी. पॉलिसी होती चार वर्षांची, फॉर्मात बीपीला "नाही". क्लेम गेला. आणि गंमत म्हणजे ते दहा वर्षं पण कुणीतरी अंदाजाने सांगितलेलं होतं, बरोबर आलेल्या नातेवाईकाने, ज्युनियर डॉक्टरने विचारलं कधीपासून, हा म्हणाला असेल दहा-एक वर्षं. म्हणून दोन कामं करा. फॉर्म स्वतः भरा किंवा ओटीपी द्यायच्या आधी भरलेला फॉर्म पूर्ण वाचा आणि सगळं खरं लिहा, गोळी चालू असेल तर गोळीचं नावही लिहा. आणि ॲडमिट करताना हिस्टरी सांगायला माहितगार माणूस पुढे करा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, अंदाज ठोकू नका.

सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की मग माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पण त्या पाच वर्षांच्या भरवशावर खोटं लिहिणं म्हणजे पावसाळ्यात होडी घालण्यासारखं आहे, पोहोचलात तर पोहोचलात.

नावाचं पण सांगतो कारण हा घोळ माझ्याकडे सतत येतो. आईचं आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, हॉस्पिटलमध्ये घरात हाक मारतात ते. पॉलिसी काढताना आधारवर आहे तेच नाव आणि जन्मतारीख टाका, ॲडमिट करताना तेच सांगा.

किती रकमेची

एक कोटीच्या जाहिराती बघून दबून जाऊ नका. नवरा-बायको-मुलं यांची एक फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच रक्कम, आणि आईबाबांची वेगळी, हे बरं पडतं, कारण फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, सत्तर वर्षांचे बाबा त्यात घातले की सगळ्यांचाच हप्ता वर जातो. रक्कम तुमच्या वाटेवर ठरवा, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं असेल तर ५ लाख कमी पडतील, दहाच्या खाली जाऊ नका.

दहाचा हप्ता जड वाटला तर ५ लाखाची साधी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप. सुपर हा शब्द महत्त्वाचा. समजा ५ लाखाच्या वरचं देणारी पॉलिसी आहे आणि वर्षात तीनदा ॲडमिट झालात, २ लाख, २ लाख आणि ३ लाख. नुसता टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, एकही बिल पाचाच्या वर नाही म्हणून शून्य देतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ७ लाख झाले, वरचे २ देतो. हप्त्यात फार फरक नसतो. खालची पॉलिसी दुसऱ्या कंपनीची असली तरी चालते.

मुलाच्या कंपनीचं कव्हर आहे म्हणून निवांत असाल तर एक विचार करा, नोकरी सुटली की कव्हर सुटलं. आणि त्यात आईबाबा आहेत का हे त्याला नीट विचारा, गणपतीला सगळे घरी येतात तेव्हा आरती-जेवण झाल्यावर एक संध्याकाळ कागद घेऊन बसा, एरवी फोनवर "हो हो आहे" यापलीकडे काही कळत नाही.

हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीला शून्य झालाय, आधी १८ टक्के होता. अजून कुणी जीएसटी लावून आकडा सांगत असेल तर ते ग्रुप पॉलिसी विकतायत, बँका कर्जाबरोबर देतात ती असली असते, नीट विचारून घ्या. टॅक्समध्ये मेडिक्लेमच्या हप्त्याची सूट जुन्या पद्धतीने रिटर्न भरणाऱ्यांनाच, स्वतःच्या कुटुंबाला २५,००० आणि साठीपुढच्या आईबाबांसाठी ५०,००० पर्यंत, पण हप्ता रोख दिला तर ती मिळत नाही. तसंही एजंटच्या हातात रोख देऊच नका.

पॉलिसी आली की

३० दिवस फ्री लूक असतो, नाही आवडली तर परत करता येते, थोडे पैसे कापून बाकीचे मिळतात. पॉलिसीबरोबर कस्टमर इन्फॉर्मेशन शीट येते, दोन-चार पानांची, त्यात वर सांगितलेलं सगळं, रूम, को-पे, वेटिंग, थोडक्यात लिहिलेलं असतं. एवढी तरी वाचा. इंग्रजी अडत असेल तर मराठीत मागा, स्थानिक भाषेत द्यायची सोय त्यांनी ठेवायची असते. कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स देवघराजवळच्या कपाटात, कारण पावसात लाईट जाते, रेंज जाते आणि मोबाईल बंद पडतो.

ॲडमिट झाल्यावर कॅशलेसच्या अर्जाला कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं असतं आणि डिस्चार्जच्या वेळी शेवटची मंजुरी तीन तासांत. त्याच्यापुढे उशीर करून हॉस्पिटलने जास्त बिल लावलं तर ते कंपनीने सोसायचं, असा २०२४ चा नियम आहे. काउंटरवर हे शांतपणे बोलून दाखवलं की बऱ्याचदा काम हलतं.

कॅशलेस नाही झालं तर आधी पैसे भरून मागून क्लेम, त्याला सगळे मूळ कागद लागतात. डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल आणि त्याची फोड, पैसे भरल्याची पावती, प्रत्येक औषधाच्या बिलाला डॉक्टरची चिठ्ठी, रिपोर्ट, स्टेंट किंवा डोळ्यातली लेन्स असेल तर तिचा स्टिकर, अपघात असेल तर पोलिसांचा कागद. मेडिकलवाला कोऱ्या कागदावर आकडे लिहून देतो ते चालत नाही, छापील बिल, त्यावर पेशंटचं नाव. थर्मल कागदाची बिलं आपल्या हवेत दोन महिन्यांत कोरी होतात, आधी झेरॉक्स मारून ठेवा, माझ्याकडेच मारा असं नाही. मुदत बहुतेक डिस्चार्जपासून ३० दिवस, पॉलिसीत बघा. घरी आल्यावरची औषधं-तपासण्याही ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतात, ती बिलं लोक टाकून देतात.

क्लेम नाकारला तर फोनवरचं ऐकून सोडून देऊ नका, कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाला मेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाईन अर्ज होतो, ५० लाखापर्यंतच्या तक्रारी घेतात, फक्त कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत करायला लागतं. मधल्या काळात आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार टाकून ठेवा. आणि कंपनीच बदलायची असेल तर रिन्युअलच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा, झालेलं वेटिंग बरोबर येतं. जुनी पॉलिसी मात्र नवीन कंपनीचं होकाराचं पत्र हातात येईपर्यंत बंद करू नका.